नवसागर, नौशादर आणि उर्दूतली प्रयोगशाळा

महाराष्ट्रात अकरावीला सायन्स घेतलं की माध्यम इंग्रजी. दहावीपर्यंत तुम्ही मराठीतून शिकलात की उर्दूतून, याला काही अर्थ उरत नाही. 1996 साली मी उर्दू शाळेतून दहावी होऊन औरंगाबादला नानांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, राहायला आले आणि ज्युनियर कॉलेजात जायला लागले. वर्गात मराठी शाळांतून आलेली पुष्कळ मुलं होती, उर्दू शाळांतून आलेल्या आम्ही चार-पाच मुली होतो. रसायनशास्त्राच्या तासाला आम्ही सगळे सारखेच अनाथ. सर फळ्यावर भराभर लिहायचे, आम्ही भराभर उतरवून घ्यायचो. वही भरत होती, डोकं रिकामं राहत होतं.

प्रॅक्टिकलला क्षाराचं पृथक्करण असायचं. कागदाच्या पुडीत पांढरी भुकटी मिळायची आणि तिच्यात काय आहे ते ओळखायचं. पहिल्या पुडीतली भुकटी मी पाण्यात विरघळवली, तिच्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकले, मग सिल्व्हर नायट्रेट घातलं. नळीत पांढरं काहीतरी गोठून आलं. निरीक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सरांनी सांगितलं: ‘कर्डी व्हाइट प्रेसिपिटेट’. मी इमानेइतबारे लिहिलं. कर्डी म्हणजे करडईशी काहीतरी संबंध असणार, अशी माझी समजूत झाली. मराठवाड्यात वाढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार?

संध्याकाळी नानांनी वही मागितली. इंग्रजी शब्दावर बोट ठेवून ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “अच्छा, रसूब. दह्यासारखा सफेद रसूब आला, असं आहे हे.” मग एकामागून एक शब्द निघाले. ॲसिडला तुरशा, बेसला असास, सॉल्टला नमक, सोल्यूशनला महलूल. यातले बरेचसे मला शाळेतून माहीत होते. फक्त कॉलेजच्या तासाला जे चाललंय ते तेच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, “निघालं काय पुडीतून?” मी म्हटलं, “अमोनियम क्लोराईड.” नाना हसले. “म्हणजे नौशादर. तुझ्या मामूच्या दुकानात डबा भरून आहे.”

मामूंचं कल्हईचं काम होतं. तांब्या-पितळेचं भांडं भट्टीवर तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकायची, भसकन पांढरा धूर उठायचा, मग कथिल लावून कापसाच्या बोळ्याने फिरवलं की भांडं आतून चांदीसारखं. तो धूर लहानपणापासून माझ्या नाकात बसलेला होता. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड सुटतात, आणि हे दुसरं धातूवरचा काळा थर खाऊन टाकतं, म्हणून कथिल धरतं. हे मला त्या रात्री कळलं, आणि ते कळायला इंग्रजी लागलं नाही.

नानांना हे सगळं कुठून माहीत होतं? ते शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. पण त्यांनी इंटरमीजिएटचं रसायनशास्त्र, व्याख्यानं आणि प्रॅक्टिकलसकट, उर्दूतून केलं होतं. औरंगाबादच्या किल्ले अर्कजवळचं आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय 1923 साली इंटरमीजिएट कॉलेज म्हणून सुरू झालं, ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं होतं. आणि उस्मानियात विज्ञानही उर्दूत होतं.

आपल्याकडे या गोष्टीबद्दल दोन तऱ्हेने बोललं जातं. एक तऱ्हा अभिमानाची: उर्दूत एके काळी एमबीबीएससुद्धा होत होतं! दुसरी तऱ्हा दुर्लक्षाची: निजामाचं राज्य वाईट, म्हणून त्याचं विद्यापीठही बोलण्यालायक नाही. दोन्ही तऱ्हांत त्या प्रयोगशाळेत नेमकं काय घडत होतं ते हरवतं.

आधी थोडं मागे जाऊ. 1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं सुरू झाली ती इंग्रजी माध्यमाची. त्याआधी दिल्ली कॉलेजात मात्र विज्ञान आणि गणित उर्दूतून शिकवलं जात होतं, त्यासाठी भाषांतर करणारी संस्थाही होती. गणिताचे मास्टर रामचंद्र तिथलेच. 1857 च्या धामधुमीत ते कॉलेज लुटलं गेलं, आणि पुढे ‘मरहूम देहली कॉलेज’ या नावाने त्याचा इतिहास लिहायची पाळी आली. तो लिहिला मौलवी अब्दुल हक यांनी. हेच अब्दुल हक आमच्या औरंगाबादेत शिक्षण खात्यात होते, ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’चा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं इथूनच चालवला आणि पुढे त्या इंटरमीजिएट कॉलेजचे ते प्राचार्यही झाले. औरंगाबादच्या आजच्या मुलांना हे नाव माहीत नसतं. पाकिस्तानात ते ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले जातात.

1917 साली सर अकबर हैदरी यांच्या निवेदनावर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी विद्यापीठ काढण्याचं फर्मान दिलं. शिक्षणाचं माध्यम उर्दू, पण इंग्रजी हा सक्तीचा विषय. हा बारकावा महत्त्वाचा आहे. इंग्रजी काढून टाकायची नव्हती, विषय समजून घेण्याच्या वाटेतून ती बाजूला करायची होती. भारतीय भाषेतलं पहिलं विद्यापीठ म्हणून उस्मानियाचं नाव घेताना आमचे लोक धोंडो केशव कर्व्यांना विसरतात, तेही सांगून टाकते. त्यांचं महिला विद्यापीठ 1916 सालचं, आणि तिथेही मातृभाषेतूनच शिकवायचं ठरलं होतं. मात्र विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी असा सगळा डोलारा देशी भाषेवर उभा करायचं धाडस हैदराबादेत झालं.

वर्ग 1919 साली सुरू झाले. पण वर्ग सुरू करायचे तर पुस्तकं हवीत, म्हणून दारुल-तर्जुमा, म्हणजे भाषांतराचं खातं, 1917 सालीच उघडलं होतं. त्याचे पहिले प्रमुख अब्दुल हकच. या खात्यात कोण कोण बसत होतं पाहा: ‘उमराव जान अदा’ लिहिणारे मिर्झा हादी रुसवा, पुढे जोश मलीहाबादी, अब्दुल माजिद दर्याबादी. भाषांतर विषयाच्या जाणकाराने करायचं, भाषा तपासायला वेगळा माणूस, आणि धर्माच्या दृष्टीने काही खटकतं का हे पाहायलाही एक वेगळा माणूस. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्या शेवटच्या गृहस्थांना काय सापडत असेल, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

खरी लढाई शब्दांची होती. पारिभाषिक शब्द ठरवायला समित्या होत्या, आणि त्यांत दोन मतं होती. एका बाजूचं म्हणणं, शब्द अरबीतून घ्या. अरबी धातूतून हवे तितके शब्द फुटतात, आणि रसायनविद्या तर अरबांचीच. दुसऱ्या बाजूला वहिदुद्दीन सलीम. त्यांचं ‘वझ-ए-इस्तिलाहात’ हे पुस्तक अंजुमनने 1921 साली काढलं. सलीम यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उर्दू ही अरबी नव्हे. तिचं व्याकरण इथल्या मातीतलं आहे, ती प्रत्यय लावून, शब्दाला शब्द जोडून वाढते. म्हणून शब्द तिच्याच वळणाने घडवा. मूळ अरबी-फारसी असलं तरी चालेल, पण शेपूट देशी हवं.

याचं एक उदाहरण मला फार आवडतं. स्फटिक होणे याला उर्दूत ‘कलमाव’ म्हणतात. कलम म्हणजे स्फटिकाची कांडी, आणि शेवटचा ‘आव’ अगदी आपला. मराठीत बनाव, जमाव, तसाच. आता आपल्या बाजारातला ‘कलमी सोरा’ आठवा. बारुदवाला आणि वैद्य जो शब्द वापरत होते, त्यातलाच ‘कलम’ प्रयोगशाळेत आला. असा शब्द मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

सगळेच शब्द असे उतरले नाहीत. ऑक्सिडेशनला तक्सीद, रिडक्शनला तहवील, मॉलिक्यूलला सालिमा, ॲटमला जौहर. यातले काही घरच्या बोलीत कुणी कधी वापरले नसतील. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे मराठी शास्त्रीय शब्दांचीही मला सवय आहे, आणि तिथेही हेच आहे. आम्ल हा शब्द आंबटाच्या कुळातला, तुरशा हा तुर्श म्हणजे आंबट यावरून. दोन्ही भाषांनी जिभेवरूनच नाव ठेवलं. पण मग मराठीत क्षपण येतं, आणि उर्दूतली तहवील त्याच्या शेजारी जाऊन बसते. एका जागी मात्र मी उर्दूच्या बाजूने आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की मराठीत उदासिनीकरण होतं, म्हणजे बिचारे उदास होतात. उर्दूत तादील होते. तादील अद्लपासून, म्हणजे न्याय. दोघांचा हिशेब चुकता.

रसायनविद्या अरबांची, या वाक्याबद्दलही थोडं बोलते, कारण आमच्या व्हॉट्सॲप गटांत ते रोज फिरत असतं. अल-कीमिया या शब्दातून केमिस्ट्री आली, मराठीतली किमयाही तिथलीच. अल्कलीमागे अरबी अल-कली आहे, आणि आपली कल्हई म्हणजे अरबीतली कलई. जाबिर इब्न हय्यान यांचं नाव सांगितलं जातं. अर-राझी यांनी तर आपल्या ग्रंथात भट्ट्या, मुशी, अर्क काढायची भांडी यांची यादीच दिली आहे. त्या ऊर्धपातनाच्या भांड्याचं अंबीक हे नाव उर्दूत रिटॉर्टच्या ‘करंबीक’ या शब्दात शिल्लक आहे. हे सगळं खरं आहे. पण राझी यांचं नाव घेतल्याने माझ्या हातातल्या ब्युरेटमधला थेंब नेमक्या वेळी थांबला नाही. त्याला सराव लागतो, काचेचं सामान लागतं, आणि “अजून एक थेंब” असं समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस लागतो. उस्मानियाने अभिमानावर न थांबता पुस्तकं छापली, प्रयोगशाळा उभारल्या. 1928 साली अंजुमनने ‘सायन्स’ नावाचं नियतकालिकही उर्दूत सुरू केलं. पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवली गेली. उर्दूत विज्ञान होऊ शकत नाही असं कुणी म्हटलं तर त्याचं उत्तर तीस वर्षं चालू होतं.

इथपर्यंतचा इतिहास मी भाषणांत खूपदा ऐकला आहे. पुढचा मला नानांच्या एका दोस्ताकडून कळला.

हे आजोबा वैजापूरकडचे, मराठी शेतकऱ्याच्या घरातले. कॉलेजात नानांचे लॅबमधले जोडीदार, एका स्टोव्हवर दोघांचं काम. नव्वदच्या दशकातही ते औरंगाबादला आले की घरी यायचे. मी नानांना इंग्रजीची रड सांगत होते तेव्हा ते तिथेच बसले होते. म्हणाले, “पोरी, तुला इंग्रजीचा जो त्रास होतोय ना, तो मला उर्दूचा होता.”

मी गप्प झाले. नानाही.

आकडे साधे आहेत. निजामाच्या राज्यात जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलणारे, साधारण चौथा हिस्सा मराठी, बाकीच्यांत कन्नड आणि उर्दू. उर्दू मातृभाषा असलेले दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली ती 1880 च्या दशकात. मराठी मूल प्राथमिक शाळेत मराठीत शिकायचं आणि पुढच्या शाळेत गेलं की उर्दूत पडायचं. म्हणजे हैदरींच्या निवेदनातला जो मुद्दा होता, परक्या भाषेत शिकल्याने बुद्धी पाठांतरात खर्च होते, तो मराठवाड्यातल्या आणि तेलंगणातल्या बहुतेक मुलांना जसाच्या तसा लागू होता. फक्त परकी भाषा बदलली होती.

त्या आजोबांनी सांगितलं, की प्रॅक्टिकलच्या वहीच्या समासात ते प्रत्येक उर्दू शब्दासमोर देवनागरीत मराठी शब्द लिहीत. रसूब म्हणजे साका. महलूल म्हणजे पाण्यात विरघळलेलं. तक्सीदसमोर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून ‘गंज चढणे’ लिहिलं, आणि तोंडी परीक्षेत तेच उर्दू करून सांगितलं तर परीक्षक हसले. नाना म्हणाले, “पण मार्क तुला माझ्यापेक्षा जास्त मिळाले होते.” आजोबा म्हणाले, “घोकून मिळाले. तुला समजलं होतं.”

1938 साली उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून मुलांना काढून टाकलं गेलं. औरंगाबादच्या कॉलेजातही ते आंदोलन झालं. त्यातले बरेच जण पुढे संस्थानाबाहेर, नागपूरसारख्या ठिकाणी जाऊन शिकले. हे दोघं त्यानंतरच्या काळात कॉलेजात आले, पण ती हवा होती. एकाच स्टोव्हवर परीक्षानळी तापवणाऱ्या दोन मुलांच्या घरांत राज्याबद्दल दोन निरनिराळ्या गोष्टी बोलल्या जात होत्या, आणि त्या दोघांनाही ते माहीत होतं.

1947 साली नाना इंटर पास झाले आणि बीएससीला हैदराबादला गेले. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झालं. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे केलं ते मराठवाड्याची घरं विसरलेली नाहीत, आणि त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते आमची घरं विसरलेली नाहीत. नानांच्या वडिलांनी त्यांना परत बोलावून घेतलं. नाना पुन्हा हैदराबादला गेले नाहीत. पुढे विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी झालं, दारुल-तर्जुमाचं काम संपलं, आणि अर्धी बीएससी उर्दूतून केलेल्या माणसाला उरलेली अर्धी इंग्रजीतून करावी लागली असती. त्यांनी शाळेत नोकरी धरली. आजोबांनी मात्र काही वर्षांनी इंग्रजीतून पदवी घेतली. त्यांच्यासाठी ती तिसरी भाषा, एक परकी भाषा बदलून दुसरी. त्यांना भाषा बदलायची सवय झाली होती, नानांना नव्हती. याचा विचार मी पुष्कळदा करते.

मराठवाड्याला तेव्हा काय मिळालं? औरंगाबादेत इंटरच्या पुढचं शिक्षण नव्हतंच, पदवीसाठी हैदराबादच गाठावं लागे. 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद झालं. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ आलं. पण मराठीतून रसायनशास्त्राची पदवी, उस्मानियाने उर्दूत केली तशी व्याख्यानापासून प्रयोगशाळेपर्यंत, मराठी राज्य झाल्यावरही कुणी उभी केली नाही. परिभाषा कोश निघाले, दहावीपर्यंतची पुस्तकं चांगली झाली, आणि अकरावीच्या दारात मराठी मूल माझ्याच बाकावर येऊन बसलं. 2021 पासून एआयसीटीईने मराठीसह काही भाषांत अभियांत्रिकी शिकवायची परवानगी दिली आहे. ते सुरू करणाऱ्यांपैकी कुणी उस्मानियाची जुनी पुस्तकं उघडून पाहिली असतील, तर मला आनंद होईल. शब्द कसे घडवावेत आणि कसे घडवू नयेत, दोन्ही तिथे आहे.

माझं सांगायचं तर बारावीला रसायनशास्त्रात मी कशीबशी पास झाले, सायन्स सोडलं, बीए केलं, मग बीएड. दोष सगळा भाषेचा नव्हता, गणितही कच्चं होतं. आज माझ्या वर्गातल्या मुलींचे आई-वडील विचारतात, उर्दू शाळेत ठेवू की इंग्रजीत घालू? मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. आठवीच्या मुलींना मी नवसागर आणि काचेची नळी आणून दाखवते, तिन्ही भाषांतली नावं सांगते. निजामकाळातला एखादा उर्दू कागद वाचून द्या म्हणून गावातली मराठी माणसं माझ्याकडे येतात, तोही वाचून देते.

त्या संध्याकाळी मी आजोबांना विचारलं होतं, “तुमच्या समासात नौशादरसमोर काय लिहिलं होतं?”

ते म्हणाले, “काहीच नाही. नौशादर म्हणजे नवसागर, हे कानालाच कळतं की. त्या पानावर तेवढीच एक जागा कोरी होती.”

नानांनी बशीत चहा ओतला आणि त्यांच्यासमोर सरकवला.